वाणिज्य शाखेतून आलेल्या इतिहास-संशोधिकेने आपला परिचय कसा लिहावा?

प्रश्न विचारणाऱ्या संशोधिकेची परिस्थिती थोडक्यात अशी आहे : बी.कॉम.नंतर काही वर्षे हिशेबनिसाची नोकरी, मग नोकरी सांभाळून बाहेरून इतिहासात एम.ए., सेट ही प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण, आणि आता पीएच.डी.चे तिसरे वर्ष. प्रबंधाचा विषय उत्तर पेशवाईतील जुन्नर प्रांतात दुष्काळाच्या वेळी दिलेली महसुली सूट. सोबत एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, अध्यापन चालू आहे. विभागाने प्रत्येक संशोधकाकडून शैक्षणिक पार्श्वभूमी, संशोधनातील रस आणि अध्यापनाची दृष्टी अशा तीन मुद्द्यांवर सुमारे पाचशे शब्दांचा परिचय मागवला आहे, आणि तोच मजकूर पुढे सहायक प्राध्यापक पदाच्या अर्जांसाठीही वापरायचा आहे. त्यांनी विचारलेल्या शंका तीन आहेत. वाणिज्याची पदवी झाकून ठेवावी का? आवडीचे विषय किती लिहावेत? आणि अनुभव एवढा तुटपुंजा असताना 'अध्यापनाची दृष्टी' या मथळ्याखाली लिहायचे तरी काय?

इतिहास विषयाचा मार्गदर्शक म्हणून आणि अधूनमधून मुलाखतींना विषयतज्ज्ञ म्हणून बसणारा माणूस या नात्याने असे परिचय माझ्यासमोर नेहमी येतात. त्यावरून माझे पहिले निरीक्षण असे की तुमच्या तिन्ही शंकांच्या मुळाशी एकच भीती आहे : आपला रस्ता सरळ नाही, आणि परिचयात तर सरळ रस्ताच दाखवावा लागतो. ही भीती निराधार आहे असे मला वाटते, कारण परिचय वाचणारा माणूस तुमचा रस्ता मोजत बसत नाही. या व्यक्तीला खरोखर एखादा प्रश्न पडला आहे का, तो सोडवण्यासाठी लागणारे कागद तिला वाचता येतात का, आणि ती वर्गात उभी राहिली तर मुलांच्या पदरात काही पडेल का, एवढेच तो पाहतो. विभागाने दिलेले तीन मथळे या तीन गोष्टींसाठीच आहेत. प्रत्येक मथळ्याखाली वेगळी माणसे राहत असल्यासारखे लिहिले की परिचय फसतो.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आधी सांगून टाकतो. सहायक प्राध्यापक पदाची किमान पात्रता परिचयाने ठरत नाही. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दुरुस्तीनुसार त्या पदासाठी नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. तुमची सेट झालेली असल्यामुळे तो दरवाजा उघडा आहे. त्यापुढे जाहिरात कोणत्या प्रवर्गासाठी निघते, संस्था कोणती, किती जागा भरायला मान्यता मिळते या गोष्टी कोणाच्याही लेखनशैलीच्या हातात नाहीत. परिचयाचा उपयोग मुलाखतीच्या वेळी होतो, कारण तज्ज्ञ त्यातले एखादे वाक्य उचलूनच पहिला प्रश्न विचारतो. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्यासारख्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी लिहाल तेव्हा कामाची प्रगती आणि वेळापत्रक यांना जास्त जागा द्यावी लागेल. परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करायची वेळ आली तर तिथे संशोधनाचे निवेदन आणि अध्यापनाचे निवेदन बहुधा वेगवेगळे मागतात. म्हणून एक सविस्तर मूळ मजकूर जवळ ठेवा आणि वाचणारा पाहून तो कापा.

आता पहिली शंका. वाणिज्याची पदवी झाकू नका. उलट तुमच्या विषयाला ती जितकी उपयोगी आहे तितकी इतिहासाची पदवी कदाचित झाली नसती. तुमचा विषय महसुली सुटीचा आहे, म्हणजे तुमची मुख्य साधने गावांचे ताळेबंद, जमाखर्च आणि परगण्यांचे अजमास, म्हणजे अंदाजपत्रके, ही आहेत. मोडी कागदावरचा हिशेब आजच्या खातेवहीसारखा खाली बेरीज करून संपत नाही. आधी एकूण रक्कम येते, मग तिची फोड, मग त्या फोडीतल्या एकेका रकमेची पुन्हा फोड, आणि मध्येच 'वजा' आणि 'बाकी' हे शब्द येतात. रकमेच्या शेवटी एक दांडा आला तर पाव, दोन आले तर अर्धा आणि ॥। असे तीन आले तर पाऊण. चांगली मोडी वाचणारी मुलेसुद्धा या ठिकाणी अडखळतात. त्यांना अक्षर लागते, पण गावखर्चात दाखवलेली रक्कम मूळ जम्यातून, म्हणजे गावावर आकारलेल्या एकूण महसुलातून, वजा झाली आहे की वेगळी वसूल केली आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. हिशेबाच्या नोकरीत ज्याने दोन वह्यांमधला फरक शोधला आहे त्याची नजर आपोआप तिकडे जाते. असा फरक तुम्हाला एखाद्या ताळेबंदात सापडला असेल तर परिचयात त्याचा एका वाक्यात उल्लेख करा. 'वाणिज्य शाखेतील शिक्षण आणि लेखा विभागातील काम यांमुळे मी पेशवेकालीन ताळेबंदांच्या अंतर्गत रचनेकडे वळले' एवढे लिहिले तरी पुरे. त्यातून पदवीचा खुलासाही होतो आणि विषयाची निवडही कळते.

बाहेरून केलेल्या एम.ए.बद्दल मात्र खुलासा देत बसू नका. पदवी, विद्यापीठ आणि वर्ष लिहा, पुढे जा. अनेकजण इथे घरची परिस्थिती, लग्न, नोकरी अशी कारणमीमांसा लिहितात. ती खरी असते, पण वाचणाऱ्याला तिचे काय करावे हे कळत नाही. मधल्या वर्षांतील नोकरीचा उल्लेख वर सांगितल्याप्रमाणे कामाच्या संदर्भात आलेला असला की खंड म्हणून काही उरतच नाही.

पार्श्वभूमीच्या परिच्छेदात पदव्यांपेक्षा जास्त वजन मी कौशल्याला देईन आणि तिथे काटेकोर प्रामाणिकपणा ठेवायला सांगेन. 'मोडी लिपी अवगत' हे वाक्य आता जवळजवळ प्रत्येक परिचयात असते, कारण मोडीचे वर्ग पुष्कळ चालतात आणि प्रमाणपत्रही मिळते. पण वर्गातल्या तक्त्यावरची मोडी आणि दफ्तरातल्या कारकुनाने घाईत, कलम न उचलता लिहिलेली मोडी या वेगळ्या गोष्टी आहेत. विषयतज्ज्ञाला हे माहीत असते. मी स्वतः मुलाखतीत एखाद्या कागदाची छायाप्रत समोर ठेवून तारखेची ओळ वाचायला सांगतो आणि तेवढ्यात बरेच काही कळते. म्हणून नेमके लिहा : कोणत्या काळातील कागद वाचता, हिशेबी कागद सहज वाचता की पत्रव्यवहारही, फारसीमिश्रित मजकुरासाठी मदत घ्यावी लागते का. 'अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील महसुली कागद स्वतंत्रपणे वाचते. फारसी कागदांसाठी प्रकाशित भाषांतरांवर अवलंबून आहे' असे लिहिणाऱ्या उमेदवारावर माझा विश्वास लगेच बसतो. मोडी वाचता येण्याचे मोल तुमच्या प्रबंधापुरतेच नाही, हेही ध्यानात असू द्या. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, बडोदे आणि थेट तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयापर्यंत मोडी कागद पसरलेले आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसे कागदांच्या मानाने फारच थोडी आहेत.

दुसरी शंका संशोधनातील रसाची. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात 'मराठ्यांचा इतिहास, आर्थिक इतिहास, ग्रामीण इतिहास, पर्यावरणीय इतिहास, स्त्रियांचा इतिहास, स्थानिक इतिहास' अशी यादी आहे. ही यादी चुकीची नाही, पण निरुपयोगी आहे. तिच्यावरून तुम्ही कोण हे कळत नाही, आणि मुलाखतीत तिच्यातील कोणत्याही शब्दावर प्रश्न विचारण्याची मुभा मात्र समोरच्याला मिळते. स्त्रियांच्या इतिहासावर काहीच काम केलेले नसताना तो शब्द तिथे ठेवणे म्हणजे विनाकारण अंगावर ओढवून घेणे आहे. यादीऐवजी प्रश्न लिहा.

तुमच्या विषयात प्रश्न उघड दिसतो. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पुढच्या काही महिन्यांत फौजांच्या हालचालींनी पुण्याभोवतीचा मुलूख उद्ध्वस्त झाला, त्यातच पाऊस हुकला, आणि १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनच्या स्मरणात राहिला. अशा काळात सरकार गावाला जम्यात सूट देई, बियाणे आणि बैलांसाठी तगाई, म्हणजे कर्ज, देई, आणि ओसाड पडलेली जमीन पुन्हा लावणीस यावी म्हणून कौल, म्हणजे सवलतीचे लेखी आश्वासन, देऊन इस्तावा, म्हणजे दरवर्षी चढत जाणारा सारा, ठरवून देई. हे सर्व अभ्यासक जाणतात. प्रश्न त्यापुढे सुरू होतो. सूट गावाच्या नावे पडली, पण ती पाटलाच्या आणि वजनदार मिरासदारांच्या, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेल्यांच्या, खात्यावर थांबली, की असा हक्क नसलेल्या उपरी कुळांपर्यंत पोचली? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने देण्याची, म्हणजे वसुलीचा हक्क ठरावीक रकमेला ठेक्याने देण्याची, पद्धत वाढली होती, मग मक्तेदाराने सरकारकडून मिळालेली सूट पुढे रयतेला दिली का? पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला आणि त्यात या मक्तेदारीवर कडक टीका केली. उत्तर पेशवाईच्या ऱ्हासाचे जे चित्र पुढे रूढ झाले त्यात त्या अहवालाचा वाटा मोठा आहे. गावपातळीवरचे ताळेबंद ते चित्र पक्के करतात, की त्यात फेरफार करायला लावतात? हा खरा वाद आहे आणि तुमच्याकडे त्यात बोलण्याजोगे साधन आहे.

म्हणून त्या परिच्छेदाचा नमुना मी असा सुचवीन. तुमच्या कागदांप्रमाणे त्यात बदल करा : 'दुष्काळाच्या वर्षी सरकारने दिलेली महसुली सूट गावातील कोणत्या थरापर्यंत पोचत होती, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तरातून जुन्नर प्रांतातील निवडक गावांचे दुष्काळापूर्वीचे आणि दुष्काळानंतरचे ताळेबंद ताडून पाहत आहे आणि त्यांच्या जोडीला कौलनामे आणि गावकऱ्यांचे अर्ज वाचत आहे. एल्फिन्स्टनच्या अहवालावर आधारलेल्या ऱ्हासाच्या मांडणीची गावपातळीवर तपासणी करणे हा त्यामागील हेतू आहे. प्रबंधानंतर हेच काम खानदेशातील परगण्यांपर्यंत नेण्याची इच्छा आहे.' यात एक प्रश्न आहे, जागा आहे, काळ आहे, साधने आहेत, वाद आहे आणि पुढची दिशा आहे. 'आवड' हा शब्द एकदाही आलेला नाही, पण ती दिसते.

इथे एक आडवी सूचना. पेशवे दफ्तराचा उल्लेख करताना ते संपूर्ण पाहिल्याचा भास होऊ देऊ नका. १८९१ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या पुणे पुरालेखागाराच्या दगडी इमारतीत कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. इतिहासकार रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तरी दफ्तराच्या मानाने ती चिमूटच आहे. शिवाय त्या निवडीत राजकीय पत्रव्यवहाराला झुकते माप मिळालेले असल्यामुळे हिशेबी कागद बहुतांशी रुमालातच राहिले. कोणत्या विभागातील रुमाल पाहिले, हे सांगितले तर वाचणाऱ्याला कामाचा आवाका नेमका कळतो. तुमच्या बाबतीत हीच गोष्ट जमेची आहे, कारण छापील खंडांवर भागवणारे प्रबंध पुष्कळ आहेत.

तिसरी शंका अध्यापनाची, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. 'विद्यार्थिकेंद्री पद्धतीने, आधुनिक तंत्रज्ञानाचा वापर करून, विद्यार्थ्यांमध्ये राष्ट्रीय मूल्ये आणि चिकित्सक वृत्ती रुजवणे' हे वाक्य शब्दांच्या किरकोळ फरकाने मी इतक्या अर्जांत वाचले आहे की आता डोळा त्यावरून घसरतो. ते खोटे नसते. पण असे वाक्य रसायनशास्त्राचा उमेदवारही लिहू शकतो. अध्यापनाची दृष्टी सांगायची तर एखादा तास सांगावा. तो तास घेतलेला असावा, किंवा निदान घेता येण्याजोगा असावा.

तुम्ही तासिका तत्त्वावर शिकवता, म्हणजे तुम्हाला वर्गाची खरी अवस्था माहीत आहे. पटावर शंभर नावे, समोर पंचवीस चेहरे, त्यातल्या निम्म्यांनी इतिहास घेतला कारण दुसरीकडे जागा नव्हती, आणि सत्र संपत आले की 'मॅडम, महत्त्वाचे प्रश्न सांगा' ही मागणी. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी काही मुले असतात, त्यांना सनावळ्या तोंडपाठ असतात आणि कारणांत रस नसतो. ही परिस्थिती परिचयात तक्रारीच्या सुरात लिहायची नाही, पण तिचा विसर पडलेली दृष्टीही कामाची नाही. या वर्गात तुम्ही काय करता?

मी द्वितीय वर्षाच्या वर्गात करतो ती एक गोष्ट सांगतो, तुम्हाला तुमची सुचेल. एका कागदाचे देवनागरी लिप्यंतर सर्वांना देतो आणि आधी फक्त तारीख विचारतो. 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असे असते. मुले गोंधळतात. मग फळ्यावर मांडतो : इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११६१. हा शुहूर सन, मराठी कागदांतली अरबी अंकशब्दांत लिहिली जाणारी कालगणना. याला मृगसाल म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात शिरला की वर्ष बदलते. त्यामुळे इसवी सन काढायला पावसाळ्याच्या तोंडापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे ११६१ हे साल १७६० च्या मृगाला सुरू होऊन १७६१ च्या मृगाला संपते, आणि १४ जानेवारी १७६१ चे पानिपत याच सालात येते. तोवर कोणीतरी विचारतेच की वर्ष पावसाळ्यापासून का मोजायचे. आता शेतीचा आणि महसुलाचा संबंध मला सांगावा लागत नाही, तो त्यांनीच काढलेला असतो. उरलेल्या वेळात कागदाला तीन प्रश्न विचारायला लावतो : मागतो कोण, देतो कोण, आणि ज्याच्या कष्टावर हे सगळे चालले आहे त्याचे नाव कागदात आहे का. सत्राच्या शेवटी याच धर्तीचा न पाहिलेला कागद देऊन एक पानाचे टिपण लिहून घेतो आणि त्यालाच अंतर्गत गुण देतो. यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही, छायाप्रतींचे पैसे मात्र लागतात.

तुमच्याजवळ दुष्काळातील अर्ज आहेत, ताळेबंद आहेत. त्यांतला एक घेऊन एल्फिन्स्टनच्या अहवालातील मजकुराशेजारी ठेवला तर 'साधनांची चिकित्सा' हा पाठ्यक्रमातला कोरडा घटक एका तासात जिवंत होतो. असा तास तुम्ही घेतला असेल तर चार वाक्यांत लिहा, आणि नसेल तर परिचय देण्याआधी घ्या. तासिका तत्त्वावरचा अनुभव तासांच्या संख्येवरून जोखला जाईल अशी तुमची धास्ती आहे. सरकारी तक्त्यात तसे होईलही, तिथे इलाज नाही. पण माणूस वाचत असेल तेव्हा एका खऱ्या तासाचे वर्णन पाच वर्षांच्या अनुभव प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत संशोधकांनी आपल्या विषयाच्या अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण घ्यावे असे म्हटले आहे, आणि आठवड्याला चार ते सहा तासांचे अध्यापन किंवा संशोधन साहाय्य त्यांच्याकडे सोपवता येते. तुमच्या विभागाने तसे काम दिले असेल, उत्तरपत्रिका तपासायला किंवा ट्यूटोरियल घ्यायला लावले असेल, तर तेही याच परिच्छेदात यावे.

अध्यापनाच्या दृष्टीत आणखी एक गोष्ट येते, आणि महाराष्ट्रात इतिहास शिकवणाऱ्याला ती टाळता येत नाही. आपल्याकडे मुले इतिहासाच्या वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाहीत. पोवाडे, चित्रपट, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती, गावच्या मिरवणुकीतली भाषणे हे सगळे त्यांच्याबरोबर बाकावर बसते. एखादा विद्यार्थी उठून म्हणतो, 'मॅडम, पण त्या व्हिडिओत तर वेगळेच सांगितले आहे.' त्या वेळी तुम्ही काय करता, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो, कारण प्रत्येक प्राचार्याला त्याची काळजी असते. त्याला खोडून काढणे सोपे आहे आणि त्याने काही साधत नाही. सोडून देणे आणखी सोपे. माझा मार्ग असा की हे कुठून आले ते शोधण्याचे काम त्यालाच द्यायचे. बहुतेक वेळा धागा एखाद्या बखरीपर्यंत जातो. मग सभासदाची बखर १६९७ मध्ये जिंजीला लिहिली गेली आणि मल्हार रामराव चिटणीसांची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, हे सांगून दोन्हींमधले अंतर त्यालाच मोजायला लावायचे. दोन्ही बखरी टाकाऊ नाहीत, पण त्या वेगवेगळ्या गोष्टींच्या साक्षीदार आहेत. मुलाचा अभिमान दुखावला जात नाही आणि त्याला एक हत्यार मिळते.

तुमच्या विषयात तर हा प्रश्न याहून जवळचा आहे. जुन्नर भागातील महजर (गावसभेतील निवाड्याचे कागद) किंवा ताळेबंद तुम्ही वर्गात वाचायला घेतले तर त्यात पाटील, चौगुला, कुलकर्णी, बलुतेदार यांची नावे आणि घराणी येतात, आणि त्यातली काही आडनावे तुमच्या हजेरीपटावरही असतात. कोणाच्या पूर्वजाकडे मोकदमी, म्हणजे पाटिलकी, होती आणि कोणाच्या पूर्वजाने वेठ केली, हे त्या कागदात उघड असते. ग्रामव्यवस्थेचे 'स्वयंपूर्ण आणि गुण्यागोविंदाने नांदणारे गाव' असे जे वर्णन क्रमिक पुस्तकांतून चालत आले आहे ते अशा कागदापुढे टिकत नाही. इथे मी वतनाची, म्हणजे गावकामाच्या वंशपरंपरागत हक्काची, गोष्ट पुढे नेतो : इंग्रजांनी १८७४ च्या कायद्याने वंशपरंपरागत वतने नियमात बसवली, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. एवढा लांबचा पल्ला दाखवला की जुना कागद कोणा एका आडनावावरचा ठपका राहत नाही, एका व्यवस्थेचा पुरावा होतो. मात्र गावाचे नाव वर्गातल्याच कोणाचे असेल तर मी तो कागद घेत नाही, दुसऱ्या तालुक्यातला घेतो. ही खबरदारी कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. ती ज्याची त्याने ठरवायची. पण असा काही विचार तुम्ही केलेला आहे हे परिचयाच्या एका वाक्यात दिसले, तर 'सामाजिक भान' हा शब्द लिहिण्याची गरज राहत नाही.

पाठ्यक्रमाबद्दलही दोन ओळी असाव्यात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह (मुख्य, दुय्यम आणि खुला ऐच्छिक विषय) अशी रचना आल्यामुळे इतिहास विभागांना आता इतर शाखांच्या मुलांसाठी छोटे अभ्यासक्रम द्यावे लागतात, आणि ते कोण शिकवणार ही अनेक विभागांची अडचण आहे. वाणिज्याच्या मुलांना 'मराठेशाहीतील हिशेब आणि पतव्यवस्था' शिकवू शकणारी तुमच्यासारखी व्यक्ती विरळा. सावकार, हुंड्या, रोजकीर्द, ताळेबंद हा सगळा मजकूर त्या मुलांना समजतो. मोडी वाचनाचा प्राथमिक अभ्यासक्रमही तुम्ही घेऊ शकाल. 'कोणते विषय शिकवू शकते' या यादीत प्राचीन भारतापासून आधुनिक युरोपापर्यंत सर्व काही लिहिण्याची प्रथा आहे, कारण तासिका तत्त्वावर खरोखरच सर्व काही शिकवावे लागते. ते लिहा, पण शेवटी. आधी हे दोन अभ्यासक्रम, त्यांच्या शीर्षकांसह.

आता मांडणीचे. पाचशे शब्दांत मी पार्श्वभूमीला सव्वाशेच्या आत आवरीन, प्रबंधाच्या प्रश्नाला पावणेदोनशे देईन आणि उरलेले सगळे अध्यापनाला. क्रमही बदलता येतो. विभागाचा नमुना सक्तीचा नसेल तर प्रबंधाच्या प्रश्नाने सुरुवात करा, म्हणजे नंतर आलेली वाणिज्याची पदवी त्या प्रश्नाची तयारी म्हणून वाचली जाते. नमुना सक्तीचा असेल तर पार्श्वभूमीच्या पहिल्याच वाक्यात प्रबंधाचा विषय गुंफा. भाषेबाबत असे की विभागाने इंग्रजी मजकूर मागितला असेल तर तोही स्वतंत्रपणे लिहा. मराठीचे शब्दशः इंग्रजी केले की 'कौल' आणि 'इस्तावा' यांच्यापाशी वाक्य मोडते. तिथे संज्ञा तशीच ठेवून अर्थ एका उपवाक्यात द्यावा. कोणत्या माध्यमातून शिकवू शकता हे स्पष्ट लिहा. ग्रामीण महाविद्यालयात मराठीतून नीट शिकवता येणे हाच मुख्य निकष असतो, आणि मराठी माध्यमातून शिकलेले उमेदवार उगीचच ते लपवतात.

मजकूर पूर्ण झाल्यावर तो मार्गदर्शकांना दाखवालच, त्याशिवाय इतिहासाबाहेरच्या एकाला वाचायला द्या, शक्य असेल तर तुमच्या जुन्या कार्यालयातल्या एखाद्या सहकाऱ्याला. त्याला तुमचा प्रश्न एका वाक्यात परत सांगता आला नाही तर दुसरा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल. प्रबंध कधी सादर होणार याची तारीख मात्र परिचयात घालू नका. रुमाल वेळेवर मिळणे, मार्गदर्शकांची सवड, विद्यापीठाचे परिपत्रक यांवर ती ठरते. 'प्रबंधाची किती प्रकरणे लिहून झाली' हे लिहा आणि ते दर सहा महिन्यांनी बदला.